शेतीची वाटणी करताना आधी काय, मग काय

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीला पंच म्हणून बसणारे आम्ही बहुतेक शेतकरीच. कुणी निवृत्त मास्तर, कुणी बाँड रायटर म्हणजे दस्त लिहिणारा, कुणी मोजणीच्या कामात मुरलेला. गुंठा-दीड गुंठा कमी आला म्हणून वाटणी मोडताना आम्हांला फारसं दिसत नाही. ती मोडते 'मला न विचारता ठरवलं', 'चिठ्ठी त्यांच्याच पोरानं उचलली', 'पाणी साचतं ते रान दाखवलंच नाही' या वाक्यांवर. म्हणून हे लिहिताना किती गुंठे कुणाला यापेक्षा कोणतं काम कोणत्या क्रमानं करायचं, यावर भर आहे. क्रम चुकला की बरोबर पडलेला वाटासुद्धा चोरीचा वाटतो.

पंच निवडताना पहिली चाळणी ही की तो त्या भावकीतला नसावा. दुसरी चाळणी लोक विसरतात. बांधाला बांध लागून ज्याचं शेत आहे, ज्याचे त्या घराशी उसनवारीचे व्यवहार आहेत किंवा पुढेमागे ती जमीन जो विकत घेऊ शकतो, असा माणूस कितीही मोठा असला तरी बसवू नये. त्याने सरळ काम केलं तरी दोन वर्षांनी त्यातला एखादा तुकडा त्याने घेतला की सगळी वाटणी मागे जाऊन नासते. पंच तीन असावेत आणि प्रत्येक हिस्सेदाराला एक नाव खोडण्याचा हक्क असावा, कारण न देता. कारण विचारलं की तिथूनच भांडणाला सुरुवात होते.

पहिल्या बैठकीत वाटणी करायची नाही. फक्त ऐकायचं. बोलण्याचा क्रम धाकट्यापासून ठेवायचा आणि बहिणींना सर्वांत आधी बोलू द्यायचं. थोरला अण्णा एकदा बोलला की बाकीचे 'अण्णा म्हणतोय तसंच' म्हणून गप्प बसतात आणि ती गप्प बसलेली गोष्ट सही करायच्या दिवशी बाहेर येते. प्रत्येकाचं म्हणणं वहीत लिहायचं आणि त्यालाच वाचून दाखवायचं: 'दादा, तुमचं म्हणणं असं आहे, बरोबर?' त्याने हो म्हटलं की पुढचा. यात दुपार जाते, पण ही दुपार वाचवू नये.

याच विषयावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. 1970च्या दशकात अमेरिकेत थिबॉ आणि वॉकर या दोघांनी निवाड्याच्या निरनिराळ्या पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या. आपली बाजू आपल्याला मांडता आली तर निकाल विरुद्ध गेला तरी लोक ती पद्धत न्याय्य मानतात, असं त्यांना आढळलं. 1990 साली लिंड, कॅन्फर आणि अर्ली यांनी आणखी बारीक गोष्ट तपासली. काही जणांना निर्णयाआधी बोलू दिलं, काहींना निर्णय झाल्यावर, काहींना बोलूच दिलं नाही. आधी बोललेल्यांना पद्धत सर्वांत न्याय्य वाटली, पण निर्णयानंतर बोललेल्यांनासुद्धा न बोललेल्यांपेक्षा जास्त न्याय्य वाटली. यातून 'काय ते बोलू द्या, आपलं ठरलंय तेच करू' असा धडा घेणारे पंच आम्ही पाहिले आहेत. तो धडा चुकीचा आहे. बोलून घ्यायचं आणि त्यातलं काहीच विचारात घ्यायचं नाही, असं झालं की माणूस न विचारण्यापेक्षा जास्त चिडतो, कारण आता त्याचा शब्दही गेलेला असतो. म्हणून वहीतल्या प्रत्येक मुद्द्यापुढे त्याचं काय केलं ते लिहावं लागतं: मान्य, अमान्य आणि अमान्य असेल तर का.

ऐकताना लक्षात येतं की लोक एकाच वाटणीला तीन वेगवेगळी मापं लावत असतात. एक समानतेचं: एकाच आईची लेकरं, सारखं द्या. दुसरं कष्टाचं: मी गावात राहून शेत सांभाळलं, तुम्ही पुण्याला होता. तिसरं गरजेचं: धाकट्याला नोकरी नाही, आक्का माहेरी परत आली आहे. तिन्ही खरी आहेत आणि तिन्ही एकाच गुंठ्यात बसवायला गेलं की कुणालाच पटत नाही. आम्ही ती वेगळी काढतो. जमिनीचा हिस्सा कायद्याने येतो तेवढा धरायचा. कष्टाचा हिशोब पैशात, जमिनीला हात लावायच्या आधी: विहीर कुणाच्या पैशाने खणली, बोअरचं कर्ज कोण फेडतोय, वडिलांच्या दवाखान्याचा खर्च कुणी केला, बाहेरून पैसे कुणी पाठवले. गरजेची गोष्ट शेवटी, आणि ती हक्क म्हणून न मागता सगळ्यांनी मिळून देण्याची म्हणून: अमुक खोली, अमुक आंब्याची झाडं, अमुक वर्षं भात. कष्ट आणि गरज जमिनीच्या आणेवारीत, म्हणजे रानाच्या कसावरून आण्यांत लावलेल्या किमतीत, मिसळली की हिशोब कुणालाच तपासता येत नाही आणि न तपासता येणाऱ्या हिशोबावर विश्वास बसत नाही.

बहिणींच्या बाबतीत इथे अजूनही जुनी समजूत चालते, म्हणून तारखा सांगतो. कर्नाटकात अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क राज्याच्या दुरुस्तीने 1994 सालीच मिळाला. पुढे केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणी होऊन किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या मात्र उघडत नाहीत. आईचा हिस्सा घरागणिक बदलतो, तो वकिलाकडून लेखी घ्यावा.

बहिणीला हक्क सोडायचा असेल तर सोडू दे, पण पहिल्या बैठकीला बोलावून, तिचा हिस्सा किती येतो हे आकड्यात सांगून, मगच. फक्त सहीच्या दिवशी गाडी पाठवून आणलेल्या बहिणीची सही कायद्याने चालते, पण घराला चालत नाही. रक्कम मिळाली की नाही हा प्रश्न नंतरचा. ती तक्रार करते ती बहुतेक 'मला पाहुणीसारखं आणलं' अशीच.

आता कागद. उतारा (कर्नाटकातली पहाणी, म्हणजे आर.टी.सी.) प्रत्येक सर्व्हे नंबरचा, चालू वर्षाचा. त्यात चार ठिकाणी बघायचं. एकूण क्षेत्र आणि त्यातला खराबा, म्हणजे पिकाला न येणारी जमीन. नववा रकाना, नाव कुणाचं. दहावा, ते नाव कशाने लागलं, वारसाने की खरेदीने, कारण खरेदीची जमीन आणि वडिलोपार्जित जमीन यांची वाटणी एक नसते. अकरावा, बोजा: कृषी पत्तीनचं (गावच्या शेती सहकारी पतसंस्थेचं) किंवा बँकेचं कर्ज. ज्या नंबरवर बोजा आहे तो नंबर ज्याच्या वाट्याला जाईल त्याच्या डोक्यावर कर्जही जाऊ नये, म्हणून कर्ज आधी फेडायचं किंवा हिश्शाने वाटून लिहायचं. वडिलांच्या नावावरच उतारा असेल तर वारसा लावून घ्यायचा. उतारे कन्नडमध्ये असतात. ते पंचांपैकी एकाने ओळ न ओळ मराठीत मोठ्याने वाचायचे, 'यात काही विशेष नाही' असं म्हणून एकही ओळ गाळायची नाही.

मोजणीत जी चूक सर्वांत जास्त होते ती साधी आहे. एका टोकापासून मोजत यायचं, पहिल्या दोघांना पुरतं माप द्यायचं आणि तिसऱ्याला उरलेलं. समजा भाताचं 2 एकरांचं रान आहे. लांबी 330 फूट, रुंदी कागदावर 264 फूट. तिघांना 88 फुटी पट्टे. पण वर्षानुवर्षं बांध सरकत जाऊन जागेवर रुंदी 258 फूटच भरते. टोकापासून मोजलं तर 88, 88 आणि 82. आधी पूर्ण रान मोजलं तर 86, 86, 86. तूट सहा फुटांचीच, पण पहिल्या रीतीने ती एकाच्या अंगावर पडते आणि तो बहुतेक धाकटा असतो. म्हणून नियम: वाटा पाडायच्या आधी पूर्ण क्षेत्र प्रत्यक्ष मोजायचं आणि कागदाशी जो फरक येईल तो सगळ्यांवर प्रमाणात घालायचा.

गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. गुंठ्याचे 16 आणे, एकराचे 40 गुंठे. उचगाव, बेकिनकेरेकडच्या तांबड्या चढाच्या रानात टेप जमिनीला टेकवून मोजू नये. आडवं माप धरायचं असतं. पाचास एक असा चढ असेल तर जमिनीवरून 100 फूट मोजलेलं आडवं 98 फूटच असतं. चढावरचा वाटा कागदावर बरोबर दिसतो आणि सरकारी मोजणीत कमी भरतो, त्याचं कारण बहुतेक हेच. टेप दोघांनी ओढून आडवा धरावा, खालच्या बाजूला ओळंबा सोडावा, एका वेळी 30-40 फुटांपेक्षा जास्त ओढू नये. मोबाइलवरच्या नकाशाने बांध ठरवायचा नाही. त्यात तीन-पाच मीटरचा फरक सहज येतो आणि 86 फुटांच्या पट्ट्यात तेवढा फरक म्हणजे भांडणाला पुरेसा माल.

बांध आणि वाट आधीच वजा करायची. तीन पट्ट्यांमध्ये दोन बांध, प्रत्येकी तीन फूट, 330 फूट लांब: 1980 चौरस फूट, म्हणजे 1 गुंठा 13 आणे. ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल अशी 12 फुटी वाट त्याच लांबीची ठेवली तर 3 गुंठे 10 आणे. हे सगळ्यांच्या सामाईकातून काढलं नाही तर ज्याच्या पट्ट्यातून वाट जाते तो पहिल्या सुगीलाच ती नांगरतो.

यानंतर शिवार फिरायचं. सगळ्यांनी एकत्र, बहिणी आणि सुनांसकट. बेळगाव तालुक्यात एकाच खात्यात तीन जातीची रानं सहज असतात. शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडे बळ्ळारी नाल्याकाठची काळी भातजमीन. ती मार्चमध्ये बघाल तर भातामागचा मसूर-वाटाणा काढून झालेला असतो, रान सोन्यासारखं दिसतं. पण जुलैत नाल्याचं पाणी चढलं की तीच लावणी कुजते आणि रोप दुसऱ्यांदा लावावं लागतं. पश्चिमेकडच्या तांबड्या रानाचं उलट. पावसात रताळी-बटाट्याने हिरवंगार, एप्रिलमध्ये विहीर तळाला. चिकोडी-अथणीकडे कृष्णाकाठची मळी आहे तिथेही पूर कुठवर येतो हे विचारलंच पाहिजे. एका ऋतूत फिरून ठरवलेली किंमत अर्धीच असते. दोनदा फिरता येत नसेल तर जो वर्षानुवर्षं ते रान कसतो त्याने प्रत्येक तुकड्याबद्दल तीन गोष्टी सगळ्यांसमोर सांगायच्या: पाणी कुठवर साचतं, उन्हाळ्यात पाणी किती दिवस पुरतं, रानडुकरं किंवा गवे कुठून येतात. खानापूरच्या बाजूला ही तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी आहे. माहिती एकाकडे असणं हा वाटणीतला सर्वांत मोठा अन्याय आहे. तो मापात दिसत नाही.

मग आणेवारी. सर्वांत चांगल्या रानाचा गुंठा सोळा आणे धरायचा आणि बाकीची रानं त्याच्या तुलनेत. हे आणे किमतीचे, वरचे मापाचे नव्हेत. हे तोंडी करू नये. पहिला जो आकडा बोलला जातो त्याभोवतीच बाकीचे फिरतात. प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा, सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या आणि मधला आकडा घ्यायचा. सरासरी घ्यायची नाही. तांबड्या रानाला तिघांनी 9, 10 आणि 14 आणे लिहिले तर सरासरी 11 येते, म्हणजे एकाने ताणलं की सगळ्यांचा आकडा हलतो. मधला 10 हलत नाही. आणि ही आणेवारी, कुणाला कोणता तुकडा जाणार हे कुणालाच माहीत नसताना व्हायला पाहिजे. 'नाल्याकाठचं अण्णालाच' हे आधी ठरलं असेल तर नाल्याकाठची किंमत कुणीही खरी सांगत नाही.

एक हिशोब मांडून दाखवतो. भातरान 80 गुंठे 16 आण्यांचं, तांबडं 120 गुंठे 10 आण्यांचं, माळ 40 गुंठे 4 आण्यांचा. एकूण 1280, 1200 आणि 160, म्हणजे 2640. तीन वाटे, प्रत्येकी 880. पहिला वाटा नुसत्या भातरानाचा, 55 गुंठे. दुसरा 25 गुंठे भातरान आणि 48 गुंठे तांबडं, मिळून 73. तिसरा 72 गुंठे तांबडं आणि सगळा माळ, 112 गुंठे. आणेवारीने तिन्ही सारखे. उताऱ्यावर मात्र एकाच्या नावे 1 एकर 15 गुंठे, एकाच्या 1 एकर 33 गुंठे आणि एकाच्या 2 एकर 32 गुंठे. दहा वर्षांनी पोरं उतारे काढतील तेव्हा आणेवारी कुणाला आठवणार नाही, एकरच दिसतील. म्हणून आणेवारीचा तक्ता वाटणीपत्रातच घालायचा, सगळ्यांच्या सह्यांसह. तो नसला तर पुढच्या पिढीच्या डोळ्यांत ही वाटणी फसवणूकच ठरते.

याला पर्याय म्हणजे प्रत्येक रानाचे तीन पट्टे. लोकांना हाच जास्त आवडतो, कारण यात किंमत लावावीच लागत नाही. पूर आला तर तिघांच्याही रानात येतो. नुकसानही सारखं वाटलं जातं, हे आम्हांला या पद्धतीचं खरं बळ वाटतं. तोटा म्हणजे तीन रानांचे नऊ तुकडे, बांधात गेलेली जमीन आणि अरुंद पट्ट्यात भातकापणीचं मशीन वळवताना शेजाऱ्याचं पीक तुडवणं. आमचं मत असं की नाल्याकाठच्या भातजमिनीचे पट्टेच करावेत, कारण तिथला धोका मोठा आहे. तांबडं रान आणि माळ मात्र सलग द्यावेत. बेळगाव शहराच्या कडेला, रिंग रोड किंवा बायपासच्या टापूत जिथे जमिनीची किंमत पिकावर राहिलेली नाही, तिथे पिकाची आणेवारी वापरूच नये. तिथे रस्त्याकडची रुंदी फुटांत वाटायची आणि एक कलम घालायचं: पुढे कुणाचाही भाग रस्त्यासाठी गेला तर ठरावीक वर्षांपर्यंत भरपाई सगळ्यांत वाटायची. भरपाई उताऱ्यावर नाव असेल त्याला मिळते. हे कलम नसेल तर नशिबाने एक जण श्रीमंत होतो आणि बाकीच्यांना तो कट वाटतो.

वाटे पाडले, आता उचलायचे कसे. दोघे असतील तर थोरल्याने पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. पाडणाऱ्याला शेवटचा वाटा मिळणार असल्याने तो सारखेच पाडतो. ही रीत फार चांगली आहे, पण एका अटीवर: दोघांना रानाची माहिती सारखी पाहिजे. शेत कसणारा थोरला आणि मुंबईला राहणारा धाकटा असेल तर पाडणारा पाण्याच्या झऱ्यावरून दोरी कुठून टाकायची ते जाणतो आणि उचलणारा नुसता आकार बघतो. अशा वेळी उलट करावं. बाहेरच्याने पंचांच्या मदतीने पाडावे, घरच्याने उचलावा. जाणकाराला चांगला वाटा ओळखता येईल हे खरं, पण मग त्याच्यावर लपवल्याचा आरोप राहत नाही.

तिघे असले की ही रीत लंगडी पडते. 1940च्या दशकात पोलिश गणितज्ञ स्टाइनहाउस यांनी हा प्रश्न मांडला आणि बानाख व क्नास्टर या गणितज्ञांनी त्यावर एक उपाय काढला. तो शेतात चालतो. पहिल्याने आपल्या मते तिसरा हिस्सा होईल तिथे खुंटी ठोकायची. दुसऱ्याला तो वाटा मोठा वाटला तर त्याने खुंटी आत घ्यायची, नाहीतर तशीच ठेवायची. मग तिसऱ्याने तेच. ज्याने शेवटी खुंटी हलवली तो वाटा त्याचा. कुणीच नाही हलवली तर पहिल्याचा. उरलेल्या दोघांत एकाने पाडायचे, दुसऱ्याने उचलायचा. प्रत्येकाला स्वतःच्या मते निदान तिसरा हिस्सा नक्की मिळतो. दुसऱ्याचा आपल्यापेक्षा बरा आहे असं मात्र पुढे वाटू शकतं. रान सलग असेल तरच ही रीत वापरावी. मध्ये विहीर, घर किंवा दुसऱ्याचा बांध असेल तर खुंटी सरकवून काही जमत नाही.

चिठ्ठ्या सर्वांत सोप्या, म्हणून लोक आधी त्याच काढतात. वाटे खरोखर सारखे पडलेले असतील तरच चिठ्ठी न्याय्य असते. ओढून-ताणून पाडलेल्या वाट्यांवर चिठ्ठी टाकणं म्हणजे चूक देवाच्या नावावर खपवणं. काढायच्याच असतील तर दोनदा काढाव्यात: आधी कोण पहिला उचलणार याच्या, मग वाट्यांच्या. कागद एकाच वहीचा, घडी सारखी, लिहिणारा एक आणि घालणारा दुसरा, भांडं खोल. घालण्याआधी सगळ्या उघड्या चिठ्ठ्या प्रत्येकाला दाखवायच्या. उचलणारं मूल हिस्सेदारांपैकी कुणाच्याही घरचं नसावं. शेवटची उरलेली चिठ्ठीही उघडून मोठ्याने वाचायची. 'उरली ती तुझीच की' म्हणून ती न उघडता फेकली की वर्षानुवर्षं त्या कागदावर काय लिहिलं होतं याच्या गोष्टी चालतात.

विहिरीचं पाणी हिश्शाने लिहून भागत नाही, पाळ्या लिहाव्या लागतात. शेतीला थ्री-फेज वीज ठरावीक तासच येते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून पाळी तासांवर न ठेवता दिवसावर ठेवायची. तिघांना एकेक दिवस दिला तर सात दिवसांच्या आठवड्यात वार आपोआप पुढे सरकतात आणि कुणालाही कायम तोच वार येत नाही. सात हिस्से असतील तर वार गोठतात, तिथे महिन्याने एक वार पुढे ढकलायचं लिहून ठेवावं. मोटार जळाली तर दुरुस्ती पाण्याच्या हिश्शाने. वीज नसलेला दिवस गेला तर पाळी त्याचीच राहते की पुढच्याची, हेही लिहावं. हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) मीटर आणि आर.आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) एकाच्याच नावावर राहतो, तेव्हा तो सगळ्यांच्या वतीने आहे आणि जोडणी तोडायला सगळ्यांची संमती लागेल, ही दोन वाक्यं विसरायची नाहीत.

घराची वाटणी लवकर उरकते, एक गोष्ट सोडून: देव. सोपा, माजघर, परडं यांच्या भिंती फुटांत वाटता येतात, देव्हारा येत नाही. देव कुणाकडे राहतील आणि गणपती कुणाकडे किंवा वर्षाआड कसा, हे जमिनीच्या आधी ठरवलेलं बरं. इथे मान मिळालेला माणूस पुढे गुंठ्यावर अडत नाही.

सगळं ठरलं की नोंदणीआधी सर्व्हे नंबरचा भाग पडत असल्यास 11 ई नकाशा, म्हणजे पडणाऱ्या भागाचा सरकारी मोजणी नकाशा, काढून घ्यावा लागतो. सर्व्हेअर येईल त्या दिवशी सगळे हिस्सेदार आणि लगतचे शेतकरी हजर पाहिजेत, आणि आपण ठोकलेल्या खुंट्या त्याला दाखवायच्या. नकाशावरच्या चतुःसीमा वाटणीपत्रातल्या चतुःसीमांशी शब्द न शब्द जुळल्या नाहीत तर पुढे फेरफार अडतो. वाटणीपत्र कन्नडमध्ये टाइप होतं. सहीच्या आदल्या दिवशी त्याचा मराठी मसुदा प्रत्येकाच्या हातात द्यावा. आदल्या दिवशी, सब रजिस्ट्रारच्या दारात नाही. दारात कागद हातात आला की वाचायची लाज वाटते, मागे रांग असते.

कोर्टाचा रस्ताही माहीत असावा, म्हणजे घरातल्या बैठकीची किंमत कळते. दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात फक्त कुणाचा हिस्सा किती हे ठरतं. प्रत्यक्ष तुकडे नंतर पडतात: सरकारी सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, घराचे कोर्ट कमिशनरमार्फत. ज्याचे तुकडेच होऊ शकत नाहीत असं घर 1893च्या वाटणी कायद्याखाली विकून पैसे वाटता येतात. हिस्सा बरोबर मिळतो, पण कोणता तुकडा, कुणी आधी उचलायचा, पाण्याची पाळी काय, यात बोलायला जागा फार थोडी राहते.

शेवटचं कलम दुरुस्तीचं. एक पूर्ण खरीप आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा. तोवर कुणीही पक्का बांध घालायचा नाही, दगड पुरायचे पण भिंत नाही. या काळात मापात चूक निघाली, किंवा आणेवारीच्या वेळी न सांगितलेली पाण्याची अडचण दिसली, तर त्याच पंचांपुढे एकदा मांडायची. मापाची चूक दोन गुंठ्यांच्या आत असेल तर पैशात, त्याच आणेवारीने. त्याहून जास्त असेल तर खुंटी हलवायची आणि दुरुस्तीपत्र नोंदवायचं. मुदत संपल्यावर नवे उतारे काढून प्रत्येकाने आपलं नाव, क्षेत्र, खराबा आणि अकरावा रकाना वाटणीपत्राशी ताडून बघायचा, आणि एकमेकांच्या उताऱ्यांची प्रतही घरात ठेवायची.